तिथिवारांचा ताळा : कै. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांची कालनिर्णयपद्धति

हस्तलिखित पोथी हातीं आली म्हणजे संग्राहक प्रथम शेवटचें पान उलटून पाहतो. तेथें नकलकारानें शके, संवत्सर, मास, पक्ष, तिथि व वार इतकीं अंगें दिलेलीं असलीं तर पोथीचें मोल त्याच्या मनांत एकदम वाढतें. परंतु पुष्पिकेंत काळ लिहिलेला आहे एवढ्यानेंच पोथीचा काळ सिद्ध झाला असें होत नाहीं. पुष्पिका हा एका साक्षीदाराचा जबाब आहे. आणि साक्षीदार कितीहि सात्त्विक असला तरी त्याची उलटतपासणी झाल्यावांचून निकाल देतां येत नाहीं. ही तपासणी आकाशाच्या साहाय्यानें कशी करावी, हें महाराष्ट्रास ज्यांनीं शिकविलें त्यांत कै. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचें स्थान फार वरचें आहे. त्यांच्या पद्धतीचें स्वरूप संग्राहक मित्रांस उलगडून सांगावें, हा या लेखाचा हेतु. त्यास आणखी एक घरगुती कारण घडलें आहे. तें शेवटीं निवेदन करूं.

(१) ठाण्याचे एक मास्तर

ज्या सालीं एप्रिलच्या १६ तारखेस पहिली आगगाडी बोरीबंदराहून ठाण्यास आली, त्याच सालीं, म्हणजे १८५३ च्या जुलैंत, दापोलीजवळील मुरूड गांवीं दीक्षितांचा जन्म झाला. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजांत शिक्षण, १८७४ त मॅट्रिक, पुढें रेवदंडा, ठाणें, बार्शी, धुळें अशा ठिकाणीं शाळामास्तरकी, अखेर पुन्हां पुण्यास ट्रेनिंग कॉलेजांत अध्यापन, आणि १८९८ त वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षीं देहान्त. इतकेंच त्यांचें बाह्य चरित्र. विश्वविद्यालयाची पदवी नाहीं, पदरीं वेधशाळा नाहीं, पाठीशीं संस्थानिक नाहीं. १८८० पासून १८८२ पर्यंत ते ठाण्याच्या मराठी शाळेंत होते. त्यांचें 'सृष्टचमत्कार' हें पुस्तक १८८२ चेंच. दहा वर्षांनीं निघालेल्या 'ज्योतिर्विलासा'स त्यांनीं 'रात्रीची दोन घटका मौज' असें दुसरें नांव दिलें, त्यावरूनच या मनुष्याची वृत्ति कळून येते. दिवसभर मुलांस हिशेब शिकवून थकलेला मास्तर रात्रीं अंगणांत उभा राहून वर पाहतो आणि त्यास मौज वाटते! आम्ही नौपाड्यांत राहतों. आमच्या गच्चीवरून आतां दिव्यांच्या झगमगाटामुळें गुरु, शुक्र व दहापांच ठळक तारे एवढेच दिसतात. याच गांवावर एके काळीं सारें नक्षत्रमंडळ उघडें होतें आणि एक शाळामास्तर तें वाचीत होता, या विचारानें आमच्यासारख्या निवृत्त शिक्षकास अभिमान वाटल्यास वाचकांनीं क्षमा करावी.

(२) तपासणीचीं तीन अंगें

पुष्पिकेंतील संवत्सर, तिथि व वार या तिन्ही गोष्टी एकमेकांपासून स्वतंत्र आहेत, आणि त्यांच्या साक्षीचें बळ याच स्वातंत्र्यांत आहे.

वार हें सातांचें अखंड चक्र आहे. राज्यें बदललीं, धर्म बदलले, शक बदलले, तरी गुरुवारानंतर शुक्रवार येण्याचें कधीं चुकलें नाहीं. तिथि ही चंद्राची सूर्यापासूनची चाल होय. दोघांमध्यें १२ अंशांचें अंतर वाढलें कीं एक तिथि संपते, आणि अमावास्येपासून अमावास्येपर्यंत मध्यम मानानें २९·५३०५८९ दिवस जातात. संवत्सराचें नांव हें साठांचें चक्र. आपल्याकडील प्रघाताप्रमाणें शकाच्या आंकड्यांत १२ मिळवून ६० नीं भागावें. जी बाकी राहील तितकावें नांव प्रभवापासून मोजावें. शके १५९६ घ्या. त्यांत १२ मिळविले म्हणजे १६०८. ६० नीं भागून बाकी ४८. आणि अठ्ठेचाळिसावें नांव आनंद. रायगडावर राज्याभिषेक झाला तें वर्ष आनंदनाम संवत्सराचें होतें, हें सर्वांस ठाऊक आहे. जेधे शकावलींतील शिवजन्माची नोंद अशीच तपासावी. शके १५५१ मध्यें १२ मिळवून भागिलें म्हणजे बाकी ३, नांव शुक्ल. नोंदींतहि शुक्लच आहे. तेथील फाल्गुन वद्य तृतीया १९ फेब्रुवारी १६३० रोजीं पडते, त्या दिवशीं शुक्रवारच येतो आणि चंद्रहि हस्त नक्षत्रीं असतो. महाराष्ट्र सरकारनें २००१ सालीं हीच तिथि मान्य केली. नोंद करणाऱ्यानें एक गोष्ट लिहिली नाहीं, चार लिहिल्या. चारहि जुळल्या म्हणून तिचें वजन.

(३) गुप्तसंवताचा प्रश्न

या पद्धतीचा मोठा कस लागला तो गुप्त राजांच्या कालाविषयीं. गुप्तांच्या लेखांत वर्षांचे आंकडे आहेत. पण तीं वर्षें कोठून मोजावयाचीं हें त्यांत सांगितलेलें नाहीं. अकराव्या शतकांत अल्बेरूनीनें लिहून ठेविलें होतें कीं गुप्तकाल शककालानंतर २४१ वर्षांनीं सुरू होतो. परंतु गुप्तांच्या नाशापासून हा काल लोक मोजूं लागले असेंहि त्यानेंच ऐकून लिहिलें. यामुळें विद्वानांस संशय आला आणि गुप्तांस मागें ढकलण्याचे यत्न सुरू झाले. एडवर्ड टॉमस यांनीं संवताचा आरंभ इ. स. ७७-७८ त, जनरल कनिंगहॅम यांनीं १६६-६७ त, तर सर क्लाइव्ह बेली यांनीं १९०-९१ त धरिला. म्हणजे एकाच राजवंशाच्या काळाविषयीं अडीचशें वर्षांचा घोळ! समुद्रगुप्ताचा काळ ठरेना, त्यामुळें नाण्यांचा, शिल्पाचा व काव्याचाहि ठरेना.

डॉ. फ्लीट हे गुप्तलेखांचा संग्रह सिद्ध करीत होते. तो १८८८ त प्रसिद्ध झाला. त्यांतील तिथींचें गणित करण्याचें काम दीक्षितांनीं केलें. मुख्य उदाहरण मध्यप्रदेशांतील सागर जिल्ह्यांतल्या एरण येथील स्तंभाचें. मातृविष्णु व धन्यविष्णु या दोन बंधूंनीं जनार्दनाप्रीत्यर्थ उभारलेला हा ध्वजस्तंभ बुधगुप्ताच्या कारकीर्दींतला आहे. त्यावर वर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, आणि देवगुरूचा दिवस, म्हणजे गुरुवार, अशी मिति आहे. अल्बेरूनीचा आंकडा खरा मानून १६५ मध्यें २४१ मिळविले कीं शके ४०६, म्हणजे इ. स. ४८४, येतें. त्या वर्षाची आषाढ शुद्ध द्वादशी गणितानें जूनच्या २१ तारखेस येते; आणि वार येतो गुरुवार.

हें गणित पंचांगकर्त्यासच करतां येतें असें नाहीं. वाचकांनीं कागद घेऊन पुढील ताळा पाहावा. एरणच्या मितीपासून, म्हणजे २१ जून ४८४ पासून, राज्याभिषेकाच्या दिवसापर्यंत, म्हणजे ६ जून १६७४ पर्यंत, दोन्ही तारखा जुन्या ज्यूलियन पद्धतीच्या धरून, बरोबर ४,३४,६३२ दिवस होतात. त्यांस ७ नीं भागावें. ६२,०९० आठवडे होऊन बाकी २ उरतात. गुरुवारापासून दोन दिवस पुढें मोजिले म्हणजे शनिवार. राज्याभिषेकाचा वार शनिवारच. आतां त्याच दिवसांस २९·५३०५८९ नीं भागावें. १४,७१८ पूर्ण चांद्रमास होऊन सुमारें ०·८ दिवस उरतो. म्हणजे द्वादशीनंतरची एक तिथि, त्रयोदशी. राज्याभिषेकाची तिथि ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी! एरणच्या शिल्पकारास रायगड ठाऊक नव्हता, आणि रायगडावरील पंडितांपुढें एरणचा स्तंभ नव्हता. मध्यें अकराशें नव्वद वर्षें गेलीं. तरी दोघांच्या मिती एकाच साखळीच्या कड्या ठरतात, कारण दोघेहि एकाच चंद्राकडे पाहत होते.

येथें घाई करूं नये. वार जुळणें ही लहानशी गोष्ट आहे. डोळे मिटून कोणतेंहि वर्ष धरिलें तरी सातांत एकदां वार जुळावयाचाच. दीक्षितांचें मोठेपण हें कीं ते एका गुरुवारावर थांबले नाहींत. बुंदेलखंडांतील परिव्राजक महाराजांच्या ताम्रपटांत गुप्तवर्षांबरोबर 'महावैशाख', 'महाचैत्र' अशीं संवत्सरांचीं नांवें येतात. हीं गुरु ग्रहाच्या बारा वर्षांच्या चक्रांतलीं आहेत. गुरु वर्षांतून सुमारें एक महिना सूर्यतेजांत लपतो व मग पहांटे पूर्वेस पुन्हां दिसूं लागतो. ज्या नक्षत्रीं हा उदय होतो त्या नक्षत्रावरून वर्षास नांव पडतें. चित्रा किंवा स्वाती असल्यास महाचैत्र, विशाखा किंवा अनुराधा असल्यास महावैशाख, याप्रमाणें. ही उदयपद्धति त्या ताम्रपटांत वापरली आहे, हें दीक्षितांनीं दाखवून दिलें. गुप्तवर्ष १५६ महावैशाख, १९१ महाचैत्र, २०९ महाआश्वयुज अशीं नांवें आहेत. इ. स. ३१९-२० हा आरंभ धरिल्यास ५१० सालच्या अखेरीस गुरु चित्रेजवळ येतो, त्यापूर्वीं पस्तीस वर्षांमागें तो विशाखेच्या उंबरठ्यावर असतो, आणि पुढें अठरा वर्षांनीं अश्विनीशीं. तिन्ही नांवें जागच्या जागीं बसतात. कनिंगहॅमसाहेबांच्या मताप्रमाणें १५३ वर्षें मागें गेल्यास गुरु सुमारें ३६ अंश पुढें, म्हणजे एका राशीहूनहि अधिक सरकलेला, सांपडतो व नांव चुकतें.

इकडे मंदसोरच्या शिलालेखांत कुमारगुप्ताच्या राज्यकाळाबरोबर मालव संवत ४९३ मिळालें. मालव संवत हाच विक्रम संवत. म्हणजे वर्ष इ. स. ४३६. गुप्तसंवत ३१९ पासून मोजिल्यास कुमारगुप्ताचीं वर्षें याच सुमारास पडतात. अशा रीतीनें शिळा, ताम्रपट, परदेशी प्रवासी व ग्रह या चौघांची साक्ष एक झाली, आणि वादाचा पाया निखळला.

(४) या दृष्टीचें मर्म

या हकीकतींत एक गोष्ट मननीय आहे. एरणचा स्तंभ वैष्णवांचा, अल्बेरूनी मुसलमान, फ्लीट ख्रिस्ती अधिकारी, दीक्षित कोंकणस्थ ब्राह्मण. कोणाच्या देवानें कौल दिला हा प्रश्नच उत्पन्न झाला नाहीं. चंद्र व गुरु कोणाचा पक्ष घेत नाहींत. आणि ज्याचा ताळा कोणत्याहि पंथाच्या, कोणत्याहि देशाच्या मनुष्यास स्वतः पाहतां येतो त्यासच आपण शास्त्र म्हणतों. ऐहिक दृष्टि म्हणतात ती हीच. तींत श्रद्धेचा उपहास नाहीं. प्रमाणाच्या जागीं श्रद्धेस बसूं न देणें एवढेंच आहे.

ही दृष्टि परकी आहे असें मानणाऱ्यांस दीक्षितांनींच उत्तर देऊन ठेविलें आहे. १८९६ त प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'भारतीय ज्योतिषशास्त्र' या ग्रंथांत कोंकणांतील नांदगांवच्या केशव दैवज्ञाविषयीं मोठा आदर दिसतो. केशवानें शके १४१८ त 'ग्रहकौतुक' रचिलें. ग्रहांचे वेध स्वतः घेतले, आणि जुन्या ग्रंथांचे आंकडे आकाशाशीं जुळत नाहींत तेथें तसें स्पष्ट म्हटलें. त्याचा पुत्र गणेश यानें शके १४४२ त ज्याचापांच्या खटपटीवांचून चालणारें 'ग्रहलाघव' केलें व तें देशभर पसरलें. ऋषींच्या नांवावर असलेल्या आंकड्यास दृष्टीचा पुरावा नसेल तर तो सुधारावा, हें या पितापुत्रांस समजत होतें.

दीक्षितांसहि हें आचरणांत आणावें लागलें. उत्तरायण डिसेंबरच्या २१-२२ तारखेस होतें आणि पंचांगांतील मकरसंक्रांति जानेवारीच्या मध्यास येते, हें अंतर किती दिवस डोळ्यांआड करावयाचें, असा प्रश्न विसाजी रघुनाथ लेले यांनीं उपस्थित केला होता. दीक्षित आणि 'काव्येतिहाससंग्रहा'चे एक संपादक जनार्दन बाळाजी मोडक हे त्यांच्या पक्षास मिळाले व सायन पंचांग निघूं लागलें. लोकांनीं तें फारसें स्वीकारलें नाहीं. परंतु मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालीं १९५२ त नेमलेल्या समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून भारत सरकारनें जी राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू केली तिचें वर्ष सायनच आहे.

आतां याच न्यायानें दीक्षितांचीहि तपासणी झाली पाहिजे. शतपथ ब्राह्मणांत कृत्तिका पूर्व दिशा सोडीत नाहींत असें विधान आहे. त्यावरून त्यांनीं त्या ग्रंथाचा काळ इसवी सनापूर्वीं सुमारें तीन हजार वर्षें ठरविला. तें वाक्य प्रत्यक्ष सूक्ष्म वेधाचें कीं स्थूल परंपरेचें, याविषयीं शंका घेऊन अनेक अभ्यासकांनीं हा निर्णय अमान्य केला आहे. आम्हांसहि ती शंका रास्त वाटते. एरणच्या लेखांत तीन कड्या परस्परांस धरून आहेत. येथें कडी एकच आहे. गुरूचें गणित मान्य करून त्याचें अनुमान अमान्य करणें यांत गुरुद्रोह नाहीं.

(५) आमच्या घरची पोथी

आतां आरंभीं सांगितलेलें घरगुती कारण. आमच्या घरीं 'ग्रहलाघवा'ची एक पोथी आहे. आमचे तीर्थरूप दरवर्षीं वसंतपंचमीस ती बासनांतून काढून देव्हाऱ्यापुढें पाटावर ठेवीत आणि 'ही महाराजांच्या काळची' असें आम्हां मुलांस सांगत. पुष्पिकेंत 'शके' हा शब्द स्पष्ट आहे. पुढें १, मग कसरीचें छिद्र, नंतर ० व २. छिद्राच्या कडेस उरलेल्या शाईच्या वळणावरून घरच्या वडील माणसांनीं तो अंक ६ वाचला. शके १६०२, म्हणजे ज्या वर्षीं महाराजांचें निर्वाण झालें तें वर्ष! पुढें शार्वरीनाम संवत्सर, माघ शुद्ध पंचमी, इंदुवासर, इतकें लिहिलें आहे. आम्हीं आयुष्यभर संस्कृत शिकविलें. तरी हीं अंगें तपासावीं असें आम्हांस निवृत्त होईपर्यंत सुचलें नाहीं. खरें सांगावयाचें तर, सुचूं द्यावें असें वाटलें नाहीं.

गेल्या वसंतपंचमीस बसून हिशेब केला. १६०२ मध्यें १२ मिळविले, ६० नीं भागिलें. बाकी ५४, नांव रौद्र. शार्वरी हें तर चौतिसावें नांव! मग छिद्रांत ७ घालून पाहिला. १७०२ मध्यें १२ मिळवून भागिल्यावर बाकी ३४, शार्वरी. वार पाहिला. शके १६०२ ची माघ शुद्ध पंचमी १४ जानेवारी १६८१ रोजीं, ज्यूलियन पद्धतीनें, येते. त्या दिवशीं शुक्रवार. शके १७०२ ची येते २९ जानेवारी १७८१ रोजीं. त्या दिवशीं सोमवार, म्हणजेच इंदुवासर. संशयास जागा उरली नाहीं. पोथी एका दुपारीं शंभर वर्षांनीं लहान झाली.

आमचे वडील बंधु शेजारींच बसले होते. ते म्हणाले, "अण्णा असते तर हें तूं त्यांच्यासमोर बोलला असतास काय?"

आम्हीं म्हटलें, "दादा, ताळा पाहिल्यावांचून उत्तर पाटीवर लिहूं नये, हें अण्णांनींच शिकविलें."

दादा बराच वेळ बोलले नाहींत. मग त्यांनीं भिंग मागितलें, छिद्राची कड स्वतः निरखली, आणि "सातच आहे; आपण सर्वांनीं सहा पाहिला, कारण सहा हवा होता," असें म्हणून भिंग परत दिलें. त्या एका वाक्यांत आमच्या साऱ्या लेखाचें सार आहे, असें आम्हांस वाटतें.

पोथीचें मोल मात्र कमी झालें नाहीं. पुष्पिकेवरून नजर निघाल्यावर आम्हीं प्रथमच समास वाचले. ग्रहणाधिकाराच्या एका पत्रावर नकलकारानें बारीक अक्षरांत टिपलें आहे कीं, चंद्रग्रहणाचा स्पर्श गणितानें आलेल्या वेळेहून उशिरां दिसला. शिवकालाचा मान गेला. पण पोथी उतरून घेऊन रात्रीं तिचा ताळा आकाशाशीं पाहणारा एक मनुष्य आमच्या घरच्या बासनांत इतकीं वर्षें होता, तो सांपडला.

संग्राहक मित्रांस आमची विनंति एवढीच कीं, आपल्या संग्रहांतील ज्या पुष्पिकांत संवत्सर, तिथि व वार आहेत त्या सर्वांचें एकदां गणित करावें. स्यूएल व दीक्षित यांचें १८९६ चें 'इंडियन कॅलेंडर' आणि स्वामिकन्नू पिळ्ळे यांची १९२२ ची कोष्टकें आजहि उपयोगी पडतात; आणि आतां तर गणकयंत्रावर तेंच काम क्षणांत होतें. पोथीच्या सूचींत लिहिलेली मिति आणि गणितानें आलेली मिति अशा दोन्ही लिहाव्या. जुळत नसतील तर तसें नमूद करावें, आणि पुष्पिकेच्या अक्षरास मात्र हात लावूं नये. आमच्या पोथीच्या बासनास आतां चिठी बांधली आहे, ती अशी : "शके १७०२ शार्वरी, माघ शुद्ध ५, सोमवार. पूर्वीं शके १६०२ समजत, तपासून दुरुस्त." चिठीवरील अक्षर दादांचें आहे. येत्या वसंतपंचमीस पोथी पूर्वीप्रमाणेंच पाटावर येईल.